एंड्युरोच्या उतारावर हार्डटेल

नागपूर शहराच्या दक्षिण अंगास, महसुली दफ्तरांत बुद्रुक आणि खुर्द अशा दोन नावांनी नोंदलेले हुडकेश्वर आज महानगराच्या वस्तीत जवळजवळ मिसळून गेले असले, तरी मानेवाड्याकडून येणारा रस्ता नव्या वसाहती ओलांडून पुढे सरकला म्हणजे दोन्ही बाजूंस काळ्या मातीची शेते, मुरमाच्या गाडीवाटा, बाभळीची कुंपणे आणि पावसाच्या पाण्याने कोरलेल्या नाल्यांच्या दरडी अजूनही दृष्टीस पडतात. डोंगर म्हणावा असा उंचवटा या परिसरात नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवरचा हा सखल मुलूख आहे. तेव्हा डोंगरउतारावरील एंड्युरो शर्यत आणि तिच्यासाठी वापरावयाची हार्डटेल सायकल हा विषय हुडकेश्वरच्या नावाशी जोडण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारले, तर त्याचे उत्तर असे की, या शर्यतीची वार्ता ज्या तरुणांच्या कानी आली आहे त्यांच्यापैकी बहुतेकांचे घर अशाच सपाट वस्तीत असते, त्यांची पहिली डोंगरी सायकल पुढच्या चिमट्यात स्प्रिंग आणि मागे काहीही नाही अशीच, म्हणजे हार्डटेल, असते, आणि तिच्याविषयी त्यांच्या मनात एक न्यूनगंड घर करून बसलेला असतो. तो न्यूनगंड बहुतांशी निराधार आहे असे माझे मत आहे, व ते कारणांसह मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एंड्युरोचे स्वरूप प्रथम पाहू. डोंगरी सायकलीच्या ज्या शर्यती ऑलिंपिकमध्ये १९९६ सालच्या अटलांटा स्पर्धेपासून समाविष्ट झाल्या, त्या क्रॉसकंट्री प्रकारच्या होत. त्यांत सर्व स्पर्धक एकाच वेळी सुटतात आणि चढउतारांच्या फेऱ्या जो प्रथम पूर्ण करील तो विजयी ठरतो. याच्या अगदी उलट टोकास डाउनहिल ही शर्यत आहे. तीत स्पर्धकास वाहनाने वा पाळण्याने शिखरावर नेतात आणि एकाच उताराची वेळ मोजतात. एंड्युरोने या दोहोंच्या मधली वाट धरली आहे. दिवसभराच्या मार्गात चार, पाच किंवा त्याहून अधिक उतारांचे टप्पे आखलेले असतात, घड्याळ केवळ त्या टप्प्यांपुरते चालते, आणि एका टप्प्याच्या तळापासून पुढच्या टप्प्याच्या माथ्यापर्यंतचा चढ स्पर्धकाने सामान्यतः स्वतःच्या पायांनी, ठरलेल्या मुदतीत, परंतु वेळेच्या मोजणीबाहेर चढावयाचा असतो. सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, त्याची जीत. मोटारींच्या रॅलीत जी पद्धत पूर्वापार चालत आली आहे तीच येथे सायकलीस लागू केली आहे. आणि तिचा परिणाम असा होतो की, उतरण्याचे कौशल्य कितीही असामान्य असले तरी दिवसभर चढण्याची ताकद ज्याच्या अंगी नाही, तो तिसऱ्या-चौथ्या टप्प्याच्या माथ्यावर इतका थकून पोहोचतो की ते कौशल्य त्याच्या उपयोगी पडत नाही.

या शर्यतीचे आधुनिक रूप फ्रान्स आणि इटली या देशांत घडले. २०१३ साली इटलीतील पुंता आला येथून एंड्युरो वर्ल्ड सिरीज या जागतिक मालिकेस आरंभ झाला आणि २०२३ पासून ती जागतिक सायकल संघटनेच्या विश्वचषकाचा भाग झाली. तथापि तिचे मूळ बीज शोधू गेल्यास आपणांस कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात, माउंट टॅमलपैसच्या परिसरात जावे लागते. तेथे २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन एका मातीच्या उतारावर घड्याळाशी शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत सुमारे १३०० फूट उतरणारा तो रस्ता; सायकली बहुधा १९३० ते १९४० च्या दशकांतील श्विन कंपनीच्या, ना पुढे स्प्रिंग, ना मागे; आणि ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात बसविलेला, पायडल उलटे दाबले की लागणारा. तळाशी पोहोचेपर्यंत तो तुंबा असा तापे की आतील ग्रीस जळून जाई आणि पुढच्या खेपेपूर्वी ते नव्याने भरावे लागे. याच नित्याच्या कामावरून त्या शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव पडले. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ हे पुढे प्रसिद्धीस आलेले सर्व कारागीर आणि स्वार या उतारावर घडले. एकेक स्वार वेगळा सोडावयाचा, उताराची वेळ मोजावयाची आणि सायकल पुन्हा वर न्यावयाची, ही रीत लक्षात घेतली, तर डोंगरी सायकलीची ही आरंभीची शर्यत डाउनहिलसारखी असली तरी एंड्युरोच्याही जवळची होती, आणि ती ज्या सायकलींवर झाली त्यांना मागची स्प्रिंग ठाऊकही नव्हती, ही गोष्ट आजच्या हार्डटेल स्वाराने मनाशी बाळगण्यासारखी आहे. पुढच्या चिमट्यात स्प्रिंग बसविण्याची प्रथा १९९० च्या सुमारास रॉकशॉक्स कंपनीच्या चिमट्यापासून रूढ झाली. मागच्या चाकासाठी स्प्रिंग आणि सांधे त्या दशकात हळूहळू सुधारत गेले. आणि आज जागतिक स्पर्धेत उतरणारे नामांकित स्वार दोन्ही चाकांना दीडशे मिलिमीटर वा त्याहून अधिक हालचाल देणाऱ्या सायकलींवरच स्वार होतात. हे कबूल करावयास हवे, कारण हार्डटेलची बाजू मांडताना सत्य झाकण्याचे काही कारण नाही.

आता हार्डटेलच्या अंतरंगाकडे वळू. मागे स्प्रिंग नसण्याचा नेमका परिणाम काय होतो? चाक दगडावर आदळते तेव्हा त्याला वर उचलले जाणे भाग असते. मागे स्प्रिंग असेल तर केवळ चाक आणि त्याला धरणारे दांडे वर जातात, सांगाडा आणि स्वार आपल्या गतीने पुढे चालू राहतात. स्प्रिंग नसेल तर चाकासोबत सगळा मागचा सांगाडा वर फेकला जातो, आणि त्याला वर फेकण्यासाठी लागणारी शक्ती सायकलीच्या पुढच्या गतीतूनच वजा होते. म्हणून ओबडधोबड, एकामागून एक दगडांनी भरलेल्या उतारावर हार्डटेल नुसती हादरते एवढेच नव्हे, तर प्रत्येक आघाताला थोडा थोडा वेग गमावीत जाते. त्याखेरीज हादरणारे चाक क्षणोक्षणी जमिनीवरून उचलले जात असल्यामुळे त्यावर लावलेला ब्रेक निम्मे वेळा हवेतच लागतो आणि चाक सहज घसरते. हा हार्डटेलचा खरा दोष. तो कोणत्याही कारागिराच्या चातुर्याने नाहीसा होत नाही.

दुसरा परिणाम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, आणि माझ्या मते हार्डटेल निवडताना सर्वांत अधिक विचार त्याचाच करावयास हवा. हॅण्डलाखालची नळी जमिनीशी जो कोन करते त्यावर सायकलीची उतारावरची स्थिरता अवलंबून असते. कोन जितका लहान, म्हणजे नळी जितकी मागे कललेली, तितके पुढचे चाक स्वाराच्या पुढे राहते आणि तीव्र उतारावर सायकल पुढे कोलमडण्याचे भय कमी होते. दोन्ही चाकांना स्प्रिंग असलेली सायकल भाराखाली पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे दबते, म्हणून हा कोन थोड्याफार फरकाने कायम राहतो. हार्डटेल मात्र केवळ पुढेच दबते. दोन चाकांच्या आसांमधील अंतर १२०० मिलिमीटर धरले आणि पुढचा चिमटा एखाद्या खड्ड्यात १०० मिलिमीटर दबला, तर सगळी सायकल पुढे झुकून तो कोन चार ते पाच अंशांनी वाढतो. म्हणजे दुकानात उभी असताना ६४ अंशांची दिसणारी सायकल, नेमक्या ज्या क्षणी स्थिरतेची गरज सर्वांत अधिक, त्या क्षणी ६८ अंशांच्या पुढे गेलेली असते. यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, एंड्युरोसाठी बांधलेल्या हार्डटेलचा कोन उभ्या स्थितीत मुळातच लहान, सामान्यतः ६३ ते ६५ अंशांच्या दरम्यान ठेवलेला असतो, आणि क्रॉसकंट्रीसाठी बांधलेल्या ६८ वा ७० अंशांच्या सांगाड्यावर लांब चिमटा चढवून हे काम भागत नाही, उलट सांगाड्याच्या पुढच्या जोडावर नको तेवढा ताण येतो. दोन, चिमट्याची हालचाल जितकी अधिक तितके बरे, हा समज हार्डटेलच्या बाबतीत खोटा आहे. १३० ते १५० मिलिमीटरचा, थोडा ताठ ठेवलेला, सहजासहजी तळाशी न जाणारा चिमटा येथे अधिक विश्वासाचा ठरतो.

सांगाड्याच्या धातूविषयी स्वारांत मोठा वाद चालतो. इंग्लंडातील बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली बाजारात आणलेल्या ५३१ या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादापासून आजच्या मिश्रधातूंपर्यंत पोलादाची एक प्रदीर्घ परंपरा आहे, आणि ब्रिटन व कॅनडात तीव्र उतारासाठी पोलादी हार्डटेल बांधणारे स्वतंत्र कारखाने त्या परंपरेवर उभे राहिले. कॅनडातील व्हिसलर येथे २००३ पासून काम करणारा क्रोमॅग हा त्यांतला एक. पोलाद मृदू चालते, ॲल्युमिनियम ठोकते, असे म्हणतात. त्यात काही अंश तथ्याचा असेल. परंतु दोन त्रिकोणांच्या सांगाड्याची उभ्या दिशेतील लवचीकता इतकी थोडी असते की, तिच्या कित्येक पट हालचाल टायर एकटा करतो. तेव्हा ज्याचा खिसा मर्यादित आहे त्याने सांगाड्याच्या धातूपेक्षा टायरांचा विचार आधी करावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

आणि टायर म्हटले की विदर्भाच्या मातीचा विषय टाळताच येत नाही. आपल्याकडे पायवाटेवर बाभळीचा काटा आणि सराटा हे दोन शत्रू बारमाही हजर असतात. साध्या ट्यूबवर फिरणाऱ्याचा अर्धा दिवस पंक्चर काढण्यात जातो, आणि शर्यतीच्या टप्प्यात झालेले पंक्चर म्हणजे त्या दिवसाचा हिशेबच संपला. ट्यूबविरहित टायर आणि त्यात घातलेले पातळ चिकाचे द्रव्य हा यावरचा सिद्ध उपाय आहे. काटा रुतला तरी ते द्रव्य छिद्रात थिजून हवा रोखते. मात्र नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांच्या पुढे चढतो तेव्हा, हे द्रव्य टायरात लवकर सुकते, म्हणून थंड देशांच्या पुस्तिकांत दिलेल्या मुदतीवर विसंबून न राहता ते अधिक वेळा तपासावे. ट्यूब काढून टाकल्याचा आणखी मोठा लाभ असा की, टायर कमी दाबावर चालविता येतो. मध्यम वजनाच्या स्वाराने २.४ इंच रुंदीच्या टायरात पुढे सुमारे २० ते २२ आणि मागे २५ ते २८ पौंड दाब ठेवून आरंभ करावा व तेथून आपल्या वजनाप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे फरक करावा. मागे दाब अधिक ठेवावयाचा तो यासाठी की हार्डटेलचे मागचे चाक सर्व आघात स्वतः सोसते आणि कमी दाबावर रिम थेट दगडाला भिडून वाकते. मागच्या टायरात रिमला वेढणारा फोमचा पट्टा बसविला तर रिम वाचते. वजन थोडे वाढते, परंतु हार्डटेलला हा खर्च परवडतो.

काळ्या मातीची गोष्ट वेगळीच. ती पाण्याने फुगते, वाळल्यावर भेगाळते, आणि ओली असताना टायराला अशी चिकटते की चाकाचे दोन फेरे होण्यापूर्वी चिमटा आणि मागचे दांडे यांमधली जागा भरून चाक थांबते. पावसाळ्यात अशा वाटेवर जाऊ नये. केवळ सायकल खराब होते म्हणून नव्हे, तर ओल्या वाटेवर पडलेली चाकोरी पुढे वाळून दगडासारखी कठीण होते आणि बैलगाडीवाल्याला व पायी जाणाऱ्याला वर्षभर त्रास देते. मुरूम मात्र पाणी झरू देतो, पावसानंतर दोन दिवसांत चालता येण्याजोगा होतो, आणि उन्हाळ्यात त्याचे सुटे खडे कठीण पृष्ठावर घरंगळत असल्यामुळे वळणावर चाक कसे धरावे याचा धडा तो फुकट देतो. मुलुखाच्या या स्वभावाला हार्डटेल अधिक मानवते, याचे कारण तिच्या मागच्या भागात सांधे, छर्रे आणि हवेचा दाब धरणारी सीले नसतात. पूर्ण स्प्रिंगच्या सायकलीचे हे सर्व भाग धूळ आणि चिखल यांनी झिजतात, ठरावीक मुदतीने उघडून साफ करावे लागतात, आणि ते काम जाणणारा कारागीर प्रत्येक शहरात मिळत नाही. हार्डटेलचा जमाखर्च साधा आहे: साखळी, टायर, ब्रेकच्या पट्ट्या, पुढच्या चिमट्याची वार्षिक सफाई.

ब्रेकविषयी कंजुषी करू नये. स्वार, सायकल आणि अंगावरचे सामान मिळून ८५ किलो धरले आणि टप्पा ३०० मीटर उतरत असला, तर त्या उतरणीत सुमारे २५० किलोज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरली पाहिजे; एवढ्या ऊर्जेत पाऊण लिटर पाण्याला उकळी येईल. हवेचा आणि टायरांचा विरोध तिचा काही भाग खातो, उरलेली सगळी ब्रेकच्या दोन पातळ चकत्यांत उष्णता होऊन उतरते. मरीन परगण्यातल्या त्या तरुणांचे ग्रीस जळत होते ते यामुळेच. आज १८० ते २०० मिलिमीटरच्या चकत्या आणि तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक ही उष्णता सहज पचवितात, पण स्वाराने संपूर्ण उतारभर ब्रेक अर्धवट दाबून ठेवला तर तेही तापून निर्बल होतात. जेथे जमीन सपाट आणि धरणारी आहे तेथे जोराने व थोडा वेळ ब्रेक लावावा, आणि खडकाळ भागात शिरण्यापूर्वी तो सोडावा. हा नियम सर्वांनाच लागू असला तरी हार्डटेलवर तो मोडणाऱ्याला शिक्षा तत्काळ मिळते.

येथून आपण हार्डटेलच्या मुख्य विषयाकडे, म्हणजे स्वाराच्या देहाकडे येतो. मागची स्प्रिंग नसल्यामुळे तिचे काम गुडघे, घोटे आणि कंबर यांना करावे लागते. सीट खाली उतरविलेली असावी. आजकाल हॅण्डलावरची कळ दाबताच खाली सरकणारा सीटचा खांब मिळतो आणि हार्डटेलवर तो चैनीची वस्तू नसून आवश्यकता आहे, कारण उसळणारी सीट स्वाराला मागून धक्का देऊन हॅण्डलावरून फेकू शकते. पायडले आडव्या रेषेत, टाचा किंचित खाली, छाती पुढच्या चाकाकडे झुकलेली, भार हातांवर नव्हे तर पायांवर. दगड जवळ आला की क्षणभर आधी पाय हलके करावे, चाक त्यावरून जाऊ द्यावे आणि पलीकडच्या उतरत्या बाजूस पाय दाबून सायकल खाली ढकलावी. असे केल्याने दगडाने घेतलेल्या वेगातला काही भाग परत मिळतो. ही क्रिया पूर्ण स्प्रिंगच्या सायकलीवरही उपयोगी आहे, परंतु तेथे ती न आली तरी यंत्र चूक पोटात घालते, म्हणून तेथे ती शिकण्याची निकड भासत नाही. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल, ज्याने २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षे एंड्युरोची जागतिक मालिका जिंकली, तो बूट पायडलाला न अडकविता, साध्या सपाट पायडलांवर स्वार होत असे. त्याची सायकल हार्डटेल नव्हती. पण पाय पायडलावर केवळ दाबानेच टिकवून ठेवण्याची जी शिस्त त्यात लागते, तीच हार्डटेल शिकविते, आणि नवशिक्याने सपाट पायडलांपासूनच आरंभ करावा असे मला वाटते.

सपाट मुलखात हे शिकता येईल काय? माझ्या मते येईल, आणि बरेचसे येईल. एंड्युरोच्या टप्प्यातला कठीण भाग बहुधा काही मीटरांचाच असतो. नाल्याची सहा-सात फुटांची दरड, मुरमाचे एक तीव्र वळण, झाडांच्या उघड्या मुळ्यांची एक ओळ, यांवर पुन्हापुन्हा केलेला सराव लांब उतारावर एकदा घसरत जाण्यापेक्षा अधिक शिकवितो. चढाची ताकद तर नागपूरच्या लांब, तापलेल्या रस्त्यांवर मिळविता येते, याला पुरावाच आहे: याच शहरातील डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची रेस अक्रॉस अमेरिका ही शर्यत एकट्याने पूर्ण केली आणि २०१८ साली मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंतची सुमारे ९१०० किलोमीटरची ट्रान्स-सैबेरियन शर्यतही पार पाडली. त्या रस्त्याच्या शर्यती होत्या हे खरे. परंतु डोंगर नसलेल्या गावात सहनशक्ती घडत नाही, या समजाचे निराकरण त्यांनी पुरते होते. खऱ्या लांब उतारांसाठी गाविलगडच्या रांगेतील, सुमारे ११०० मीटर उंचीवरचे चिखलदरा हे विदर्भातले जवळचे स्थान आहे. मात्र त्याला लागूनच मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प आहे, आणि हुडकेश्वरजवळून निघणाऱ्या उमरेड मार्गाच्या पलीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा हद्दीत परवान्यावाचून शिरण्यास मनाई केली आहे, व ती मोडणारा एक स्वार मागाहून येणाऱ्या शंभर जणांची वाट बंद करतो.

स्पर्धांचे वातावरण आपल्या देशात अजून कोवळे आहे. हिमाचलात २००५ पासून डोंगरी सायकलीच्या अनेक दिवसांच्या शर्यतीची परंपरा सुरू झाली, २०२३ साली केरळातील पोनमुडी येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भरली, आणि महाराष्ट्राच्या प्रणिता सोमण यांच्यासारख्या स्वारांनी क्रॉसकंट्रीत राष्ट्रीय पातळीवर नाव मिळविले. एंड्युरोची बैठक अद्याप तितकी पक्की नाही, आणि म्हणूनच लाखांच्या घरात किंमत असलेली पूर्ण स्प्रिंगची सायकल आधी घेऊन मग शर्यत शोधणे हे व्यवहारास धरून नाही.

तेव्हा निर्णय असा. दगडांनी भरलेल्या, लांब आणि तीव्र टप्प्यांवर हार्डटेलचा स्वार तितक्याच कुशल प्रतिस्पर्ध्याच्या मागे पडेल, आणि दिवसाच्या अखेरीस त्याचे हात व पाय अधिक थकलेले असतील. मातीच्या, वळणावळणाच्या, मध्ये पायडल मारावे लागणाऱ्या टप्प्यांवर तो बरोबरी करू शकेल. कित्येक देशांतील स्थानिक शर्यतींत तर हार्डटेलसाठी वेगळा गटच ठेवतात, आणि आपल्याकडच्या आयोजकांनी आरंभापासून तो ठेवावा, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे. त्यायोगे हुडकेश्वरसारख्या वस्तीतला मुलगा वा मुलगी आपल्याच सायकलीवर पहिल्या शर्यतीस उभी राहू शकेल. आणि सायकल घेऊ पाहणाऱ्यास एवढेच सांगावयाचे: हनुवटी झाकणारे हेल्मेट, गुडघ्यांची कवचे, चांगले ब्रेक आणि चांगले टायर यांना पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्या रकमेत जी हार्डटेल बसेल ती घ्या.